आबांची काळपुळी आणि सिल्लाचा राजा

आबांच्या पाठीवरची काळपुळी मी जवळजवळ महिनाभर रोज सकाळी धुतली. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले आणि त्या हिवाळ्यात आमच्या गावचे सरपंच म्हणून नुकतेच निवडून आलेले. आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात. उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या भावकीच्या रानात ऊस आहे. ओढ्यापलीकडच्या माळाला मात्र अजून पाणी नाही, आणि त्या माळावर धनगरवस्ती आहे.

काळपुळी म्हणजे साधं गळू नव्हे. गळवाला एक तोंड असतं, काळपुळीला पुष्कळ. आबांना साखर होती आणि ती त्यांनी कितीतरी वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. दोन खांद्यांच्या मधोमध आधी लाल, मग जांभळा आणि शेवटी काळा असा तळहाताएवढा फुगवटा आला आणि चाळणीसारखा पाझरायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिरा दिला, आतला घाण गर काढला आणि ड्रेसिंग रोज झालं पाहिजे असं बजावलं. आतली जुनी पट्टी ओढून काढायची, कडेनं दाबून पू काढायचा, सलाइननं धुवायचं आणि नवी पट्टी चिमट्यानं आत कोंबायची. पहिल्याच दिवशी काकूला भोवळ आली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, दारातूनच नाक दाबून मागं फिरला. गावातली नर्सबाई बाळंतपणाच्या रजेवर होती. उरले मी.

मी खंडाळा तालुक्यातल्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी आहे. पुण्यात कोरियन शिकले आणि तिथंच चिकटले. त्या वर्षी नवी यंत्रं यायची होती आणि त्यांची माहितीपुस्तकं मराठीत करायचं काम घरी बसून करायला मला दोन महिने मिळाले होते. म्हणून मी गावी होते. आठवड्यातून दोनदा आमच्या कोरियन साहेबांशी व्हिडिओवर बोलायचं, शंका विचारायच्या, एवढंच बंधन.

वास मला अजून आठवतो. सडलेल्या पेरूसारखा गोडसर, आणि त्याच्या मागून येणारा मेलेल्या उंदराचा. साबणानं तीनदा हात धुतले तरी भाकरी मोडताना तो बोटांना यायचा. त्यात आबा गप्प बसायला तयार नव्हते. सरपंच झालेत म्हटल्यावर माणसं येतच होती. आबा खुर्चीवर उलटे बसायचे, खुर्चीच्या पाठीवर हात आणि छाती टेकून, सदऱ्याची पाठ उघडी, आणि समोरून हार घ्यायचे. एकदा सोसायटीच्या लोकांनी सत्काराची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. खालच्या जखमेकडं कुणी बघितलंच नाही. माणसं चहा पिऊन गेली, तोवर शाल पाठीला चिकटली होती. मी ती कोमट पाण्यानं भिजवून भिजवून सोडवली. सोनेरी जर असलेली शाल, आणि आतून पिवळी-हिरवी झालेली. काकू म्हणाली, “धुऊन ठेव, कुणाला तरी द्यायला होईल.” मी ती उकिरड्यावर नेऊन जाळली.

एका कॉलला मला उशीर झाला, तेव्हा साहेबांनी कारण विचारलं. काळपुळीला कोरियन शब्द मला येत नव्हता. मी हातानं पाठ दाखवली आणि वर्णन केलं. ते लगेच म्हणाले, “दुंगछांग.” पाठीवर होणाऱ्या अशा गळवाला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. मग ते जरा थांबून म्हणाले, “आमच्या गावात एका राजाचं थडगं आहे. तो दुंगछांगनंच गेला. गादीवर बसून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.”

साहेबांचं गाव म्हणजे सिल्ला नावाच्या जुन्या राज्याची राजधानी. तिथल्या राजांची थडगी म्हणजे गवत वाढलेले मातीचे मोठाले उंचवटे. गोष्ट अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीची. आपल्याकडे राष्ट्रकूट होते तेव्हाची. साहेबांना ती तोंडपाठ होती. दर कॉलच्या शेवटी ते थोडी थोडी सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती आबांना सांगायचे. त्याला कारण होतं. गोष्ट चालू असली की पट्टी ओढताना आबा शिव्या देत नसत.

गोष्ट अशी. सिल्लाचा एक राजा निपुत्रिक मेला. गादीसाठी भावकीत जुंपली. एका बाजूला मेलेल्या राजाचा चुलतभाऊ, दुसऱ्या बाजूला पुतण्या. राजवाड्यातच मारामारी झाली आणि त्यात चुलतभाऊ मारला गेला. त्याचा मुलगा जीव घेऊन पळाला. हाच आपला पुढचा सहा महिन्यांचा राजा.

“बापाला मारलं व्हय त्याच्या?” आबांनी मान वळवून विचारलं.

“हलू नका. व्हय, बापाला मारलं.”

आबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. ते का, हे मला ठाऊक होतं. आधीच्या सरपंचानं माझ्या आजोबांना, म्हणजे आबांच्या वडिलांना, भर ग्रामसभेत चोर म्हटलं होतं. आजोबा त्या दिवसापासून अंथरुणाला खिळले आणि दसऱ्याच्या आत गेले. त्या सरपंचाला खाली ओढायचं, एवढ्या एका गोष्टीवर आबा इतकी वर्षं जगले होते.

पुढच्या वेळी मी सांगितलं की जो पुतण्या गादीवर बसला, त्यालाही सुख लागलं नाही. ज्यानं त्याला बसवलं, त्याच सरदारानं दोन वर्षांच्या आत त्याची माणसं कापली. राजानं राजवाड्यात गळफास घेतला आणि सरदार स्वतःच राजा झाला. इकडं पळालेला मुलगा दक्षिणेला एका बेटावर जाऊन राहिला होता. बेटावर एक माणूस होता. जन्मानं कुणीच नाही, समुद्रकाठचा गरीब. पण चीनच्या फौजेत पराक्रम करून परत आलेला आणि चाच्यांचा बंदोबस्त करून समुद्राचा धनी झालेला. चाचे सिल्लाच्या माणसांना पकडून गुलाम म्हणून विकायचे, ते या माणसानं बंद केलं. त्यानं पळून आलेल्या राजपुत्राला आसरा दिला. पुढं राजधानीतला गोंधळ कानावर आला, तेव्हा त्यानं पाच हजारांची फौज दिली.

“फुकट?” आबा म्हणाले.

“न्हाई. राजपुत्रानं त्याला शब्द दिला होता. मी राजा झालो की तुझी लेक राजघराण्यात घेईन.”

चिमटा माझ्या हातात तसाच राहिला. बोलून गेल्यावर मी काय बोलले ते माझ्या ध्यानात आलं. आबांच्या ध्यानात आलं का, ते मला पाठीवरून कळलं नाही.

आमच्या घरातही तसाच शब्द दिला गेला होता, आणि तो देताना मी तिथं हजर होते. माझा चुलतभाऊ आणि वस्तीवरची एक मुलगी कवठ्याच्या कॉलेजात एका वर्गात होती. चार वर्षं त्यांचं चाललं होतं. सगळ्या गावाला माहीत, पण कुणी तोंडानं बोलायचं नाही. आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले होते, “माझ्या मढ्यावरनं आणा तिला.” मग निवडणूक लागली. वस्ती जिकडं, सरपंच तिकडं, हे उघड होतं. वस्तीवरचं सगळं त्या मुलीच्या बापाच्या शब्दावर चालायचं. त्याचे मुलगे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचे, तो स्वतः गुडघ्यांमुळं आता जात नसे. सगळे त्याला मामा म्हणायचे. एका रविवारी आबा आम्हाला घेऊन वस्तीवर गेले, घोंगड्यावर बसले, मटण-भाकरी खाल्ली आणि मग बिरोबाच्या देवळात जाऊन शपथेसाठी ओंजळीत भंडारा उचलला. “निवडून आलो की येत्या उन्हाळ्यात लगीन. माझी सून म्हणून नेतो,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. चुलतभाऊ शेजारी उभा होता. मुलगी देवळाच्या पायरीवर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती हसली. माझेही डोळे भरून आले होते. घरी परत येताना आबांच्या हातांना पिवळा रंग होता आणि मला आबा खरंच मोठे वाटले होते. त्या वाटण्याची मला आज शिसारी येते.

वस्तीनं मतं दिली. आबा निवडून आले. वस्तीवरचे दोघं सदस्य झाले. मामा स्वतः गुलाल लावायला आले होते. नंतर लग्नाचा विषय निघाला की आबा म्हणायचे, “बघू.” आणि मग काळपुळी झाली, तेव्हा म्हणायचे, “आदी मी उठू दे.”

गोष्ट पुढं चालली. राजपुत्राच्या बाजूची फौज राजधानीवर चालून गेली. राजा झालेल्या त्या सरदाराच्या सैन्याचा वाटेतच धुव्वा उडाला. राजा शहराबाहेर एका मोठ्या झाडाखाली उभा होता. पराभवाची बातमी आली आणि भोवतीची माणसं एक एक करून पळून गेली. शेवटी तो एकटाच उरला. पळत जाऊन एका घरात लपला. सैनिकांनी त्याला हुडकून काढला आणि मारला.

“घरात घुसून?”

“व्हय.”

“लय ब्येस केलं,” आबा म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीवर मूठ आपटली. त्या झटक्यानं मी दाबत होते तिथून पू उडाला आणि माझ्या मनगटावर आला. मी उठून मोरीत गेले आणि ओकले. परत आले तर आबा विचारत होते, “मग? बसला का गादीवर?”

बसला. पण त्याच्या शत्रूंपैकी दुसरा एक सरदार बायकापोरांना सोडून डोंगरात पळाला होता. नव्या राजानं घोडेस्वार पाठवले, त्याला धरून मारलं. थोड्याच दिवसांत राजा आजारी पडला. त्याला स्वप्न पडलं की तोच मेलेला सरदार मागून येऊन त्याच्या पाठीत बाण मारतोय. जागा झाला तर पाठीवर गळू. त्यातच तो गेला.

आबा हसले. “स्वप्नानं व्हय होतंय गळू? त्याला साखर असंल.”

मग साहेबांनी सांगितलेला शेवटचा भाग राहिला. राजा गेल्यावर त्याचा मुलगा गादीवर आला. बेटावरच्या माणसाला दिलेला शब्द आता त्याच्यावर आला. तो म्हणाला, करतो लग्न. दरबारी आडवे आले. बेटावरच्या माणसाची लेक राजघराण्यात? शोभतं का?

“का? जात कंची होती त्याची?” आबांनी विचारलं.

“जात न्हवती त्यांच्यात. हाडं होती.” सिल्लामध्ये माणसांचे दर्जे हाडांवरून ठरायचे, असं साहेबांनी मला समजावलं होतं. अमुक घराणं पवित्र हाडाचं, अमुक खऱ्या हाडाचं, आणि बाकीचे त्यांच्या खाली. कुणी किती मोठं घर बांधायचं, कसले कपडे घालायचे, कुणी कुणाशी लग्न करायचं, सगळं हाडावरून.

“म्हंजे जातच की,” आबा म्हणाले. “मग दरबारी बरोबर बोललं. गरजंला माणूस काय बी बोलतो. म्हणून हाड बदलतंय व्हय?”

मी पट्टी बांधून टाकली. बेटावरच्या माणसाचं पुढं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तो चिडला, तेव्हा दरबाराच्या बाजूचा एक जण फितूर झाल्याचं नाटक करून बेटावर गेला. बेटाच्या धन्यानं त्याला घरात घेतला, जेवू घातला, दारू पाजली. आणि पाहुण्यानं यजमानाचीच तलवार उपसून त्याला मारला. काही वर्षांनी ते बेट रिकामं केलं आणि तिथल्या दर्यावर्दी माणसांना दूर आत भातशेतीच्या मुलखात नेऊन टाकलं.

दोन-तीन दिवसांनी आबांनी मला बोलावलं. जखम भरत आली होती, आवाजात जोर आला होता. “तू जरा वस्तीवर जाऊन ये. मामाला सांग, भावकी तयार न्हाई, आमचा नाविलाज हाय. तुला दुसऱ्याचं बोलणं बोलायची सवय हाय, तू बरूबर सांगशील.”

“तुमीच जावा की आबा. शब्द तुमी दिला.”

“अशी पाठ घिऊन जाऊ?”

मी चुलतभावाकडं गेले. तो मागच्या अंगणात मोटरसायकल पुसत होता. मला वाटलं तो तरी भांडेल. त्यानं फडकं पिळलं आणि म्हणाला, “आबा म्हणतील तसं. आणि खरं सांगू का, लगीन झालं असतं तर जन्मभर घरात मेंढरांचा वास सोसावा लागला असता.”

चार वर्षं तो त्या घरी जात होता. आणि आमच्या घराला त्या वेळी कसला वास येत होता, ते मला माहीत होतं. बोलायला हवं होतं. मी काहीच बोलले नाही. आज मला त्याच्यापेक्षा माझीच जास्त किळस येते ती इथं.

मी वस्तीवर गेले. मामा दाव्याला पीळ घालत बसले होते. मी त्यांना आबांचं बोलणं सांगितलं, पण जसंच्या तसं नाही. कारखान्यात साहेब कामगारांवर चिडले की मी त्यांचा राग गाळूनच मराठीत आणते. तसंच केलं. “आबांना लय वाईट वाटतंय मामा. भावकी आयकत न्हाई. ते अंथरुणात हायत न्हाईतर स्वतः आले असते.”

मामांनी दावं खाली ठेवलं. “पोरी, भंडारा उचलला होता त्यांनी,” एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यापेक्षा त्यांनी मला हाकललं असतं तर बरं झालं असतं. उलट घरात बघून म्हणाले, “च्या टाक गं.”

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात देऊन म्हणाली, “आबांचं ऱ्हाऊ दे. त्यानं काय सांगितलंय?”

“त्याला येळ पायजे,” मी म्हणाले. “त्यो बी लय रडला.”

तिनं माझ्याकडं एकटक बघितलं. मी खाली बघून चहा प्यायले. चांगला होता चहा, दाट दुधाचा.

त्यानंतर वस्तीवरचे दोन सदस्य ग्रामपंचायतीच्या बैठकीला यायचे बंद झाले. आबा म्हणाले, येतील झक मारत. ते आले नाहीत. त्याऐवजी एकानं तक्रार दिली. आबांचा गोठा गायरानावर होता, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर, जिथं पूर्वी वस्तीची मेंढरं चरायची. सरकारी जागेत अतिक्रमण असलं की सरपंचपद जातं. मोजणीवाले आले, फोटो काढले, पंचनामा झाला. चौकशी लागली तेव्हा आबा अपात्र ठरू नयेत म्हणून रातोरात गोठ्याचे पत्रे उतरवायला निघाले होते, पण पंचनामा आधीच झाला होता. मृग लागायच्या आत आदेश आला. आबांचं सरपंचपद गेलं. पाच-साडेपाच महिने झाले असतील.

आबा मेले नाहीत. पाठीवर मूठ मावेल एवढा खड्डा राहिला, त्यावर गुलाबी, चकचकीत, सुरकुतलेली कातडी आली. ते अजून ओट्यावर बसून सांगतात की वस्तीनं पाठीत सुरा खुपसला. ऐकणारे माना डोलावतात. दुसऱ्या वर्षी चुलतभावाचं लग्न साताऱ्याकडच्या एका बागायतदार घरात झालं. मी गेले होते. पंगतीत जिलबी वाढली, फोटोत उभी राहिले. त्या फोटोत मी हसतेय.

मागच्या दिवाळीत मिरजेच्या स्टँडवर ती मला भेटली. अंगावर सरकारी नर्सचा गणवेश, पायात बूट, हातात डबा. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होते, तोवर तीच माझ्यापाशी येऊन बाकावर बसली. मामा कसे आहेत विचारलं. बरे आहेत म्हणाली, गुडघे बदलून घेतले.

“एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी तू लय गोड बोललीस. तवाच मला कळलं हे तुझं हाय, त्याचं न्हाई. खरं काय म्हणाला होता त्यो?”

मी सांगितलं. या वेळी गाळलं नाही. मोटरसायकल, फडकं, मेंढरांचा वास, सगळं त्याच्याच शब्दांत सांगितलं.

ती रडली नाही. डब्याचं झाकण उगीच घट्ट करत राहिली. कवठ्याची गाडी लागली तशी उठली, पदर नसलेल्या खांद्यावर सवयीनं हात फिरवला आणि म्हणाली, “दर रविवारी यायचा त्यो. आई मेंढीच्या दुधाचं तूप कढवायची, त्यो डबा भरून न्यायचा. बोटं चाटत जायचा गं, पार फाटकापतोर.”

कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली, खिडकीपाशी बसली आणि पुढं बघत राहिली.